एका बोटाचीही फट नको

तोंडावर तिला सगळे काकू म्हणत. पाठ वळली की भोंगा. कारखान्याचा भोंगा वाजताना कोण झोपलंय, कोण जेवतंय हे बघत नाही, तशीच ही. सकाळी उठून कोंबड्यांच्या शेडच्या दारातून ती नवऱ्याला पहिली हाक मारी आणि त्या हाकेवर पलीकडची तीन घरं उठून चूळ भरत. नवरा मात्र सावकाश यायचा. "आलो" म्हणायचा, "बरं" म्हणायचा, आणि दिवसभराचा त्याचा शब्दांचा साठा तिथेच संपायचा.

राग कोणाला येत नाही? पण दुसऱ्यांना येतो आणि जातो. काकूच्या अंगात तो भाडं न देता राहायला आला होता आणि वर घरमालकासारखा वागत होता. नळाला पाणी बारीक आलं, राग. जोरात आलं आणि भांड्यातून सांडलं, तरी राग. एकदा खाद्याच्या ट्रकवाल्याने दोन गोण्या ओल्या टाकल्या. "वाळवून घाला काकू, काय होतंय," म्हणाला. काकूने ट्रकच्या पुढ्यात खुर्ची टाकली आणि बसली. "मी पण वाळते इथं उन्हात. बघू आधी कोण वाळतं." दुपार कलली तरी ट्रक हलला नाही. शेवटी गोण्या बदलून आल्या तेव्हा खुर्ची हलली.

पण शेड उभी होती ती ह्याच रागावर, हेही तितकंच खरं. मुलगा झाल्यावर पुढची बारा वर्षं ती दुसऱ्यांच्या शेडमध्ये पक्षी धरायला जायची. वाढलेले पक्षी पायांना धरायचे, एका हातात चार, दुसऱ्या हातात चार, उलटे लटकवत गाडीपाशी न्यायचे आणि जाळीच्या खोक्यात भरायचे. मनगटावर एक ओरखडा भरायच्या आत दुसरा. शेडमालक खुर्चीत बसून सांगणार, "हळू धर गं, हळू." तेव्हा ती मनात म्हणायची, हळू कसं धरतात ते एक दिवस माझ्या शेडमध्ये दाखवीन तुला.

आणि दाखवलंच. घरामागे खडकाळ तुकडा होता, जिथे उगवायला गवतसुद्धा नाक मुरडायचं. तिथे तिने शेड बांधून घेतली. लांबट, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी भिंत, त्यावर जाळी, जाळीला पडदे, वर पत्रा. खाली लाकडाच्या भुश्याची जाड गादी. एका वेळी चार हजार पिल्लं. पिल्लं कंपनीच्या हॅचरीत अंड्यांतून उबवलेली, खाद्य, औषधही कंपनीचं; जागा, पाणी आणि राबणं काकूचं. मुठीत मावणारं पिवळं पिल्लू यायचं आणि सहा आठवड्यांत दोन्ही हातांना जड होऊन जायचं. नऊ वर्षं हे चाललं. नऊ वर्षांत कंपनीने तिच्याकडे बोट दाखवलं नव्हतं.

"दाखवायची टाप नव्हती," ती म्हणायची.

मग मुलाचं लग्न झालं. मुलगा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. सून आली ती शिंप्याची मुलगी. बोलायला हळू, हाताला पक्की. कपड्यांची पेटी एक आणि शिवणयंत्र एक, एवढं घेऊन आली. काकूने तिला दुसऱ्याच दिवशी शेड दाखवायला नेलं. सुनेने दारातच रुमाल नाकाला लावला.

"वास येतोय वाटतं बाईसाहेबांना," काकू म्हणाली.

"हो आई. डोळ्यांना पण जरा..."

"नवीन नाकाला सगळंच लागतं. माझं बघ. बारा नि नऊ, एकवीस वर्षं." आणि काकूने तिथेच, गादीच्या मधोमध उभं राहून, छाती फुगवून श्वास घेतला. "येतो का मला वास?"

सुनेने रुमाल खिशात घातला. पुन्हा काढला नाही. शिकली म्हणायची.

थंडी सुरू व्हायच्या बेताला काकूचं लक्ष पडद्यांकडे गेलं. नऊ वर्षांचे पडदे ते. उंदरांनी चाखलेले, दोरीपाशी विरलेले, मधे मधे एवढी भोकं की बाहेरचा माणूस आतल्या माणसाशी त्यातून बोलू शकेल. आता घरात शिवणारीण आली असताना हे कशाला सहन करायचं? काकूने जाड, मेणकापडासारखं कापड आणलं आणि सुनेपुढे टाकलं.

"दुहेरी शिव. खालपासून वरपर्यंत. एका बोटाचीही फट नको. पिल्लांना वारं लागलं की खोकतात."

सून तीन दिवस यंत्रावर बसली. शिवले ते असे शिवले की पडदे बांधल्यावर शेड झाकण घट्ट बसलेल्या डब्यासारखी झाली. काकू तळवा पुढे करून शेडभोवती फिरली, वारं कुठून शिरतंय ते शोधत. कुठून शिरत नव्हतं.

"हाताला गुण आहे हो तुझ्या," रात्री पानावर बसल्यावर ती म्हणाली.

तिच्या तोंडून असं काही ऐकून नवरासुद्धा जेवता जेवता थांबला.

नव्या पडद्यांतली पहिलीच बॅच बिघडली. तिसऱ्या आठवड्यात पिल्लं शिंकायला लागली, चौथ्यात घशात घरघर, पाचव्यात सकाळी टोपली भरून मेलेली. काकूने पडदे आणखी आवळले. चारशेच्या आसपास पक्षी मेले आणि उरले ते वजनाला असे की खोकं उचलणारा पोरगा म्हणाला, "काकू, ह्यात पक्षी आहेत ना?" त्याला त्या दिवशी जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कंपनीचा सुपरवायझर मोटरसायकलवर यायचा. तो काकूसमोर हेल्मेट काढत नसे. काच खाली ओढून, शेडच्या दारात उभा राहून, लांबूनच मान उंचावून बघायचा आणि लिहून घ्यायचा. त्याने निरोप आणला, तोही काचेआडून.

"साहेब म्हणाले, आणखी एक बॅच अशी निघाली तर ह्या शेडला पिल्लं बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे... बंद, काकू."

पिल्लं बंद म्हणजे चार भिंती आणि एक पत्रा. त्यात काय, नवऱ्याला पाळायचं? काकू त्या दिवशी कोणावर ओरडली नाही. घरातल्या दोघांनी तेवढ्यावरूनच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

पुढची बॅच आली तेव्हा काकूने जिवाचं रान केलं. भुसा नवा, भांडी घासलेली, गॅसच्या शेगड्या दोन जास्त. आणि पडदे बंद. मागच्या वेळी दुपारी तास दोन तास उघडायची, ह्या वेळी तेही नाही. थंडी सरता सरत नव्हती. गेल्या वेळी वाऱ्यानेच घात केला, ह्या वेळी त्याला आत पाऊलच टाकू द्यायचं नाही, असा तिचा पक्का हिशेब.

एकोणिसाव्या दिवशी दिवेलागणीला ती नेहमीप्रमाणे ऐकायला गेली. हे तिचं रोजचं होतं. आत जायचं, दिवे मालवायचे, हलायचं नाही. सुरुवातीला चार हजार जिवांची कुजबुज असते, खाणं, ढकलाढकल, पंख झटकणं. मग अंधाराने ती हळूहळू बसतात. आणि सगळी गप्प झाली की आजार बोलायला लागतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पक्षी धरताना, अंधाऱ्या शेडमध्ये, हातात उलट्या लटकलेल्या पक्ष्याच्या छातीतून कळायचं, हा घुरघुरतोय, हा स्वच्छ आहे.

शेड गप्प झाली. कोपऱ्यातून आलं, फिच्. मग मधून, फिच्. मग पाण्याच्या भांड्यांकडून लागोपाठ तीन. आणि त्याखाली, बारीक, ओल्या कपड्यातून हवा ओढावी तशी घरघर.

काकूने दिवे लावले आणि बाहेर येऊन जी हाक मारली ती सुपरवायझरच्या घरापर्यंत टेलिफोनाशिवाय पोचली असती. तरी तिने फोन केलाच.

"तुझ्या हॅचरीने काय पाठवलंय मला? पिल्लं की खोकल्याच्या बाटल्या?"

"काकू, सकाळी येतो ना..."

"सकाळी ये आणि कागद घेऊन ये. लिही त्यावर, पिल्लं मुळातच कमजोर आली. दोन बॅच झाल्या. माझ्या शेडमध्ये काय भूत बसलंय का, की नऊ वर्षं नाही आणि आता शिंकायला लावतंय?"

"मी एकट्याने कसं लिहिणार? कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना बघू दे आधी."

"बघू दे. तोवर मरू दे. मेल्यावर काय, फोटो काढून ठेवायचे त्यांचे?"

फोन ठेवून ती सुनेकडे वळली. "चल. पडद्यांच्या खालच्या कडेवर विटा ठेवायच्या आहेत. कुठून तरी शिरतंय वारं."

सून उठली. चपला घालता घालता म्हणाली, "आई, आत फार कोंदलंय. माझे डोळे... थोडंसं वरून उघडलं तर..."

"आणि थंडी? ती काय तुझ्या माहेरी पाठवू?"

दोघींनी मिळून दोन्ही अंगांना विटा मांडल्या. नवऱ्याने विटा आणून दिल्या आणि "बरं" म्हणाला.

सकाळी अकरा मेलेले. दुसऱ्या सकाळी सव्वीस. तिसऱ्या दिवशी त्रेचाळीस, आणि जिवंत होते त्यांतलेही कित्येक चोच उघडी ठेवून, मान लांबवून बसलेले, जणू हवा वर कुठे तरी टांगलेली आहे आणि त्यांचं तोंड पोचत नाही. डोळ्यांच्या कडा फेसाने चिकटलेल्या. सुपरवायझरने पाण्यात घालायला दिलेलं औषध काकूने बरोबर मापाने दिलं होतं. काकू टोपलीतले पक्षी एकेक उचलून बघायची आणि हॅचरीवाल्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. मधेच तिचा आवाज फाटायचा. खाकरून पुन्हा सुरू करायची. बाविसावा दिवस होता. अजून वीस दिवस असेच गेले तर धरायला येणाऱ्यांना धरण्यासारखं काही मिळणार नव्हतं.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. वयस्कर, ठेंगण्या, गुडघ्यांची कुरकुर असलेल्या. हातात पत्र्याची पेटी. काकूने त्यांना पायऱ्यांवरच गाठलं.

"आधी पिल्लं बघा. मग ती कुठून आली ते बघा. माझ्या शेडमध्ये वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरत नाही, हवं तर हात लावून बघा."

"हे ऐकूनच मला भीती वाटली," बाई म्हणाल्या. "पडदे आहेत तसेच राहू द्या. कोणी हात लावू नका."

त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. चष्मा काढून डोळे पुसले. दारातच कापड अंथरून त्यांनी त्या सकाळचे पाच पक्षी कापले. काकू, सून आणि हेल्मेटवाला, तिघं वाकून बघत होते. बाईंनी श्वासाची नळी उभी चिरली. आतून लालभडक, खरवडल्यासारखी, आणि चिकट. पोटाजवळचा पातळ पापुद्रा चिमटीत धरून त्यांनी उजेडाकडे केला.

"ही हवेची पिशवी. काचेसारखी स्वच्छ असायला हवी. ही बघा, दुधाची साय." चार पक्ष्यांत तेच. पाचव्यात काळजावरही पांढरा थर.

"म्हणजे रोगच ना? हॅचरीतून आलेला?" काकूचा आवाज चढला. "लिही रे, लिही!"

"लिहू नका," बाई म्हणाल्या. "काकू, आत चला. मधोमध. आता गुडघ्यांवर बसा."

"मी? कशाला?"

"पक्षी किती उंच आहे? वीतभर. तुम्ही पाच फुटांवरून शेड बघता. तो वीतभरावरून बघतो. बसा. मीही बसते, माझे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत."

काकू बसली. बाईंनी तिच्या मानेवर हात ठेवून डोकं खाली नेलं, नाक भुश्यापासून वीतभरावर. हाताने गादी थोडी उकरली. वरून कोरडी, खाली काळी, ओली.

"वास येतोय?"

"कसला?"

"डोळे उघडे ठेवा. मिटू नका."

काकूने डोळे ताणून उघडे ठेवले. दहा मोजेपर्यंत ठीक होतं. मग डोळ्यांतून धारा लागल्या. तिला त्याचाच संताप आला. सुपरवायझर दारातून बघत होता.

"मी रडत नाहीये!" ती ओरडली.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "हे पक्षीही रडत नाहीयेत. त्यांचेही डोळे असेच झालेत, बावीस दिवस."

त्या तिथेच भुश्यात बसून बोलल्या, अगदी साधं. विष्ठा ओली राहिली की तिच्यातून अमोनिया सुटतो. पडदे बंद, जायला वाट नाही, मग तो खालीच राहतो, पक्ष्याच्या चोचीपाशी. श्वासनळीत बारीक केस असतात, धूळ नि घाण बाहेर लोटणारे, तो आधी ते जाळतो. दाराचा राखणदार मेला की रोगाला कोण अडवणार? औषध देऊ. पण कोंडलेल्या हवेला औषध नाही.

"वास असता तर मला आला असता की," काकू म्हणाली. पण आवाज आधीसारखा नव्हता.

"एकवीस वर्षं ह्यातच आहात. तुमचं नाक कधीच गेलं. तुमचा दोष नाही त्यात, सगळ्या शेडवाल्यांचं जातं. म्हणून तर घरात एक नवं नाक लागतं." बाईंनी मान वर केली. "आधीचे पडदे कसे होते?"

सून म्हणाली, "फाटके."

"मग त्या फाटक्यांनीच नऊ वर्षं ही शेड चालवली," बाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

काकू उठली ती सरळ पडद्यांकडे. दोरी सोडायच्या भानगडीत पडली नाही. विटा लाथेने उडवल्या. एक पडदा दोन्ही हातांनी ओढला, तो फाटेना. एवढा पक्का शिवलेला. तिने दात लावले.

"वरून!" बाई ओरडल्या. "खालून नाही, वरून सोडा! अंगावर वारं नको, डोक्यावरून जाऊ दे. आणि शेगड्या चालू ठेवा!"

वरची दोरी सुटली. पडद्याची वरची कड हातभर खाली आली आणि थंड हवा पत्र्याखालून आत आली. काकूला काही जाणवलं नाही. सुनेने मात्र तोंड उघडून श्वास घेतला, आणि ते काकूने पाहिलं.

"तुला येत होता वास?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"मग बोलायला काय तोंड शिवलं होतंस?"

"बोलले होते."

"कधी? हळू बोलली असशील! ह्या घरात हळू बोललेलं कोणाला ऐकू येतं का? ओरडायचं होतंस! माझ्या अंगावर यायचं होतंस! चार हजार जिवांचा घसा जळत होता आणि तू रुमाल खिशात घालून..."

"तुम्हीच घालायला लावलात!" सून ओरडली.

शेडमधले पक्षी एकदम दबले. सुपरवायझरने हेल्मेटची काच वर केली.

"पहिल्या दिवशी बोलले, तर बाईसाहेब म्हणालात! परवा बोलले, तर माहेर काढलंत! माझ्या हातांनी शिवलेत मी हे पडदे, आई. तीन दिवस. गुण आहे म्हणालात म्हणून मी दर टाका डबल घातला. मला काय, बरं वाटतंय? रोज टोपली मीच उचलते ना? तुम्ही मोजता, पुरते मी!"

इतकी वर्षं तिने असंख्य माणसांवर आवाज टाकला होता, पण परत आलेला आवाज अंगावर घ्यायची तिला सवय नव्हती.

नवरा दारात आला होता. ह्या वेळी तो "बरं" म्हणाला नाही.

"पोरगी खरं बोलतेय," तो म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" दोघी एकदमच म्हणाल्या.

पुढचे दिवस नुसते कामाचे. पाण्याच्या भांड्यांखालचा ओला, काळा भुसा पाट्या भरभरून बाहेर, कोरडा आत. गादी रोज खालीवर. गळकी भांडी बदलली. औषध पाण्यातून. आणि दर तीन तासांनी सून आत जायची, मधोमध गुडघ्यांवर बसायची, आणि बाहेर येऊन पडदा किती सोडायचा ते सांगायची. काकूला ते सहन होत नव्हतं. "एवढ्या थंडीत हातभर?" ती कडाडायची. "हातभर!" सून तिकडून. काकू शिव्या देत दोरी सोडायची. शिव्या कंपनीला, थंडीला, स्वतःच्या नाकाला. नाकाला तर ती नावं ठेवायची, जणू ते कोण्या शेजारणीचं असावं.

मेलेल्यांचा आकडा लगेच नाही उतरला. तीन दिवस चाळिशीतच होता. मग एकतीस. मग सतरा. मग पाच. तिसाव्या दिवशी दिवे मालवून काकू उभी राहिली तेव्हा शिंका मोजता येत होत्या. पण गेले ते गेले, आणि वाचले त्यांचं वजन मागे राहिलं ते राहिलंच. जळलेल्या नळीने श्वास ओढणारा पक्षी खातो कमी आणि दमतो जास्त. पक्षी धरायला माणसं आली तेव्हा काकूने एकेक पक्षी हातात तोलून पाहिला आणि प्रत्येक वेळी तिच्या कपाळावरची शीर उठली.

गाडी गेल्यावर सुपरवायझर पायरीवर बसला. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. आत केस होते, हे काकूने पहिल्यांदा पाहिलं.

"काकू, एक सांगतो. बॅच खराब का झाली, त्याचं एक वाक्य मला लिहायचं असतं. मी लिहितो, पिल्लं मुळात कमजोर. तुम्हीच म्हणत होता. डॉक्टरीणबाईंचा कागद माझ्याकडेच आहे, तो फायलीत तळाला जाईल. आठवड्याभरात नवी पिल्लं येतील. साहेबांना काय, वाक्य हवं असतं."

शेड तिला हवी होती. त्या खडकावर दुसरं काहीही उगवणार नव्हतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"आणि हॅचरीत?" तिने विचारलं.

"तिथे काय, निवडणाऱ्या बायका असतात, कमजोर पिल्लं बाजूला काढणाऱ्या. दोघी तिघींना काढतील. रोजंदारीच्या, रोजच्याच असतात त्या."

"रोजच्याच," काकू म्हणाली, आणि मग भोंगा वाजला. "अरे मेल्या, मी पण रोजचीच होते! एका शेडवाल्याचे पक्षी उन्हाने मेले. त्याच्या कागदावर तुझ्यासारख्याच एकाने लिहिलं, धरणाऱ्या बायकांनी दाबून भरले. एका वाक्यात सहा जणी घरी गेलो. पोर अंगावर पीत होतं तेव्हा माझं. खरं वाटत होतं तोवर मी म्हणत होते, लिही. आता मला माहीत आहे काय झालं ते. काढ पेन!"

"काकू, दुसरी खराब बॅच आहे. शेड जाईल..."

"जाईल तर जाईल! लिही. पडदे बंद ठेवले. हवा कोंडली. चूक शेडवालीची. शेडवालीची, सुनेची नाही, ते वेगळं लिही. आणि वाचून दाखव मला."

त्याने लिहिलं. वाचून दाखवलं. काकूने खाली सही केली ती एवढ्या जोरात की कागद मागून फुगला.

चार दिवसांनी साहेबांचा फोन आला. काकूने तो कानापासून लांब धरला, जणू ओरडणार तोच आहे.

"नियमाने मी पिल्लं बंद करायला हवी होती," साहेब म्हणाले. "पण तुम्ही कारण लिहून दिलंय आणि दुरुस्तही केलंय. एक फेरी शेड रिकामी राहील. त्यानंतर बघायला माणूस येईल, मग पिल्लं."

"एक फेरी म्हणजे दोन महिने!"

"हो."

"आणि खोटं लिहिलं असतं तर?"

"तर आतापर्यंत गाडी निघाली असती."

"वा!" काकू म्हणाली. "वा रे वा तुमची कंपनी!" आणि पुढचं जे म्हणाली ते साहेबांनी ऐकलं की आधीच फोन ठेवला, कोण जाणे. तिने मात्र सगळं म्हणून घेतलं.

मग ती शेडमध्ये गेली. रिकामी शेड. धुतलेली जमीन, उलटी घातलेली भांडी. ओरडायला एक जीव नाही. तिने सुनेची कातरी उचलली, पडद्याची वरची कड धरली आणि हातभर रुंदीची पट्टी कापायला लागली. पुन्हा कधी हा पडदा वरपर्यंत पोचताच कामा नये. कातरी वाकडी चालली. जाड कापड, दुहेरी टाका.

"असं कापतात का?" सून मागून आली. "धागे सुटतील सगळे. द्या इकडे."

काकूने कातरी सोडली नाही. सुनेने ती तिच्या बोटांतून काढून घेतली.

"तिकडून धरा. ताणून."

"दोन महिने," काकू म्हणाली. "खरं बोलल्याचे दोन महिने. माणसं आहेत का कोण आहेत ती..."

"ताणून म्हटलं ना, आई. सैल पडतंय."

काकूने दात ओठ खात कापड ताणलं. कातरी सरळ चालू लागली.